विंडहेल्मची वेस आणि माझा आर्गोनियन

रात्रपाळी

गेल्या शनिवारी दिवसभर पाऊस, लाइटचा लपंडाव, बाहेर पडायची सोय नाही. जुन्या हार्डडिस्कवर स्कायरिम सापडला, म्हटलं लावू. ११ नोव्हेंबर २०११ ला आलेला खेळ. पहिल्यांदा खेळलो तेव्हा हॉस्टेलवर होतो आणि लॅपटॉपला झेपावं म्हणून चित्र इतकं हलकं करून ठेवलेलं की ड्रॅगन कुठला आणि डोंगर कुठला ते हलल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा खेळातल्या यादवीत बंडखोर सरदार उल्फ्रिकच्या बाजूने लढलो होतो. कारण काय, तर सुरुवातीला कैद्यांच्या गाडीत तो माझ्याबरोबर होता आणि समोरचे लोक यादीत नाव नसताना माझं मुंडकं उडवायला निघाले होते. एवढ्या भांडवलावर मी एक साम्राज्य मोडलं.

या वेळी ठरवून आर्गोनियन, म्हणजे सरडामाणूस, घेतला. हिरवा, शेपटीवाला, डोक्यावर शिंगं. फिरत फिरत विंडहेल्मला पोचलो. लांबलचक दगडी पूल, वर बर्फ, पुढे वेस. आत पाऊल टाकलं आणि समोर तेच दृश्य जे २०११ साली मी न ऐकताच पुढे गेलो होतो. रोल्फ स्टोन-फिस्ट नावाचा एक नॉर्ड आणि त्याचा जोडीदार, सुवारिस नावाच्या डनमर (काळे एल्फ, इथे निर्वासित) बाईला आडवे आलेत. तुम्ही इथे नको असताना येता, आमचं खाता, शहरात घाण करता, वर आमच्या लढाईत मदतही करत नाही, तुम्ही हेरच असणार. ती बिचारी जपून जपून उत्तरं देतेय. ते दोघं गेल्यावर ती माझ्याकडे वळते आणि विचारते, तूही आम्हाला छळायला आणि हाकलायला आलास का?

बाई, माझ्याकडे बघ तरी! मी सरडा आहे!

मग मागच्या दाराने बंदरावर उतरलो. तिथे आर्गोनियन लोकांची एक चाळवजा इमारत आहे. ते सांगतात, आम्हाला शहरात यायला बंदी आहे, यार्लचा, म्हणजे उल्फ्रिकचा, हुकूम. मी त्याच शहरातून, त्याच दारातून, पहारेकऱ्याच्या नाकासमोरून आत्ता चालत आलोय. पुढे उल्फ्रिकच्या फौजेत भरती व्हायला गेलो तर त्याचा सेनापती गाल्मार फक्त एवढंच विचारतो की आर्गोनियनला स्कायरिमसाठी का लढायचंय. उत्तर काहीही द्या, चालतं. काही मोहिमा केल्या की त्याच विंडहेल्ममध्ये हेरिम नावाचं घर विकत मिळतं. म्हणजे बंदरावरचे माझे जातभाई भिंतीबाहेर कुडकुडतायत आणि मी आत शेकोटीपाशी.

धागा काढायचं कारण हेच. या खेळातलं राजकारण आणि धर्मकारण कागदावर फार चांगलं आहे. अगदी अभ्यासाला बसावं इतकं. पण त्यातला द्वेष मला, खेळणाऱ्याला, कुठेच लागत नाही. मी कोणत्याही वंशाचा असलो तरी मी पाहुणाच. सगळ्यांचं सगळं ऐकायचं, दोन्हीकडून बक्षिसं घ्यायची.

न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. टॅम्रिएल हा खंड, त्यातला उत्तरेचा थंड प्रांत स्कायरिम, रहिवासी मुख्यतः नॉर्ड. काळ चौथ्या युगाचं २०१ वं वर्ष. पंचवीसेक वर्षांपूर्वी मानवांचं साम्राज्य आणि एल्फांची आल्ड्मेरी डॉमिनियन यांचं महायुद्ध झालं (१७१ ते १७५). साम्राज्याने राजधानी गमावली, पुन्हा जिंकली आणि तरीही दमून तह केला. त्या तहात टॅलोस या देवाची पूजा बंद करायचं कलम घातलं. डॉमिनियनचे सत्ताधारी म्हणजे थाल्मोर. उल्फ्रिक हा विंडहेल्मचा यार्ल, म्हणजे सरदार. त्याने राजाला द्वंद्वात मारलं आणि बंड पुकारलं. आता बोला.

गवती चहा

छान लिहिलंय. मी खेळत नाही, मुलगा खेळतो, मी चहा घेऊन गेले की पाच मिनिटं मागे उभी राहून बघते. एक इस्कटून सांगा. एका देवाची पूजा बंद केली म्हणून एवढं रामायण? त्यांच्याकडे बाकीचे आठ आहेत ना?

निळी शाई

@गवती चहा, बाकीचे आठ जन्माचे देव आहेत, हा नववा माणूस होता. तिथेच गोम आहे.

टायबर सेप्टिम हा सेनापती. दुसऱ्या युगाच्या ८९६ व्या वर्षी त्याने अख्खा टॅम्रिएल एका छत्राखाली आणला आणि तिसरं युग सुरू झालं. मेल्यावर तो देव झाला, नाव टॅलोस. आपल्याला यात नवल वाटू नये. गावाच्या वेशीवर लढताना पडलेल्याची वीरगळ उभारायची, दोन पिढ्यांनी तिला शेंदूर लागायचा, चार पिढ्यांनी नवस. नॉर्डांचं तेच झालंय. त्यांच्यातला एक वर गेला, त्यामुळे तो त्यांचं जास्त ऐकतो.

आता हेच समरसेटच्या आल्टमर एल्फाच्या जागी उभं राहून बघा. त्यांच्या समजुतीत एल्फ हे देवांचे वंशज आणि माणसं म्हणजे देवांनी घडवलेली मडकी. मडक्याने देव्हाऱ्यात जाऊन बसायचं? शिवाय या टायबरने त्यांचं बेट जिंकलं ते न्युमिडियम नावाचा पितळेचा महाकाय पुतळा अंगावर सोडून. म्हणजे ज्याने आपल्याला चिरडलं त्याचीच आरती साम्राज्यातल्या प्रत्येक देवळात ऐकायची. थाल्मोर नीच आहेत यात वाद नाही, पण कलम त्यांनी उगाच घातलेलं नाही.

सॉलिट्यूडच्या देवळात गेलात तर एक गोष्ट नक्की बघा. नऊ कोनाडे आहेत. आठांत देवांची स्थानं, नववा रिकामा. कोणी काही बोलत नाही, कुठे पाटी नाही. लेखकांनी लिहिलेल्या पानभर संवादांपेक्षा मला तो कोनाडा जास्त बोलका वाटतो.

सोऱ्या

धागा चांगला, निष्कर्ष अर्धवट. उल्फ्रिकला खलनायक करून टाकायची फॅशन आहे म्हणून त्याची बाजू मांडतो.

एक, तहात साम्राज्याने स्वतःचं काय दिलं? देव दिला नॉर्डांचा. जमीन दिली हॅमरफेल प्रांताची. पहारा करणारे ब्लेड्स बरखास्त केले. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून उदार व्हायचा प्रकार. हॅमरफेलच्या रेडगार्डांनी तह धुडकावला, साम्राज्याने त्यांना बाहेर काढलं, आणि तेच रेडगार्ड पाच वर्षं एकटे लढले. १८० साली डॉमिनियनला तिथून माघार घ्यावी लागली. म्हणजे थाल्मोरला थोपवता येत होतं. तेही साम्राज्याशिवाय.

दोन, मार्कार्थ. महायुद्धाच्या गडबडीत रीचमेननी, म्हणजे तिथल्या डोंगरी टोळ्यांनी, शहर बळकावलं. यार्लकडे फौज नाही. उल्फ्रिकने माणसं जमवून शहर परत मिळवून दिलं, अट एकच, टॅलोसची पूजा मोकळी हवी. कबूल केलं. थाल्मोरला कळल्यावर त्याच लोकांनी त्याला तुरुंगात टाकलं. तुम्ही असता तर काय केलं असतंत?

विंडहेल्ममध्ये जे चालतं ते वाईट आहे, मान्य. पण डनमरांना आसरा नॉर्डांनीच दिला. सोल्स्थाइमचं बेट १६ साली मोरोविंडला, म्हणजे डनमरांच्या प्रांताला, देऊन टाकलं ते कोणी? नॉर्डांनी. हे कुणी सांगत नाही.

कोकमसार

सोऱ्या, शेवटचा मुद्दा बरोबर. बाकी "शहर परत मिळवून दिलं" यात तुम्ही बरंच गाळलंत. खेळातच एक पुस्तक मिळतं, मार्कार्थच्या अस्वलाविषयी, म्हणजे उल्फ्रिकविषयी. त्यात म्हटलंय की शहर पडल्यावर उल्फ्रिकने ज्यांनी रीचमेनशी लढायला नकार दिला त्यांनाही सोडलं नाही. दुकानदार, शेतकरी, म्हातारे.

आता गंमत. ते पुस्तक लिहिणारा विद्वान साम्राज्याचा. म्हणजे त्याचंही मीठ कुणाचं ते उघड. खेळ कुठेच सांगत नाही की हे खरं की खोटं. मला स्कायरिममध्ये सगळ्यात आवडतं ते हेच. तटस्थ कागद एकही नाही.

थाल्मोरच्या वकिलातीत शिरून उल्फ्रिकची फाइल चोरली असेलच. त्यात काय आहे आठवतं? महायुद्धात तो कैदी होता. चौकशी करणारी एलेनवेन, आताची राजदूत. त्याला पटवून दिलं की राजधानी पडली ती त्याने तोंड उघडलं म्हणून. प्रत्यक्षात तो फुटायच्या आधीच शहर पडलेलं. ते ओझं घेऊन तो पंचवीस वर्षं फिरतोय. आणि थाल्मोरला काय हवंय? उल्फ्रिक जिंकायलाही नको आणि हरायलाही नको. यादवी चालू राहिली पाहिजे. म्हणून फाइलमध्ये तो "उपयोगाचा माणूस" आहे, पण हाताशी येईल असा नाही.

ही फाइल वाचून बरेच जण म्हणतात, बघा, उल्फ्रिक थाल्मोरचा हस्तक. अहो, नीट वाचा. त्यात तर तो त्यांना जुमानत नाही असंच आहे. एखाद्या माणसाची जखम ओळखून ती भरू द्यायची नाही, एवढंच ते करतात.

थाल्मोरची पद्धतच ती. एल्सवेअरमध्ये, खजीत या मांजरमाणसांच्या प्रांतात, काय केलं? ९८ ते १०० अशी दोन वर्षं आकाशातले दोन्ही चंद्र गायब झाले. खजीत लोकांचा जन्म, रूप, सगळं चंद्रांवर. चंद्र परत आले तेव्हा थाल्मोर म्हणाले, आम्ही आणले. खजीतांनी विश्वास ठेवला. पुढे १५ वर्षांत राज्याचे दोन तुकडे आणि दोन्ही डॉमिनियनच्या दावणीला. चंद्र त्यांनी खरंच आणले का, हेही खेळ सांगत नाही.

मुक्काम पोस्ट सेडा नीन

म्हातारा माणूस आलाय, जागा द्या. मी २००२ च्या मोरोविंडवाला, म्हणजे याच मालिकेतल्या, त्या प्रांतावरच्या जुन्या खेळाचा.

रात्रपाळी, तुमचं दुखणं बरोबर पकडलंत, पण औषध वीस वर्षांपूर्वीच निघालं होतं. मोरोविंडमध्ये तुम्ही बंदी म्हणून बोटीतून उतरता आणि पहिल्या दिवसापासून जो भेटेल तो तुम्हाला आउटलँडर म्हणतो. मराठीत सरळ "उपरा". रागात असेल तर "न्वाह". पन्नास तास खेळा, गावं वाचवा, तरी उपरेच. डनमर घेऊन खेळलात तरी उपरे, कारण जन्म बाहेरचा! कोपऱ्यावरचा भिकारडा पहारेकरीसुद्धा तुमच्याशी कपाळाला आठ्या घालून बोलतो. ते अंगात मुरतं. मला तर पुढे पुढे आवाज न ऐकताच राग यायचा.

आणि गुलामी. सुरानला गुलामांचा बाजार, तेल अरुनला बाजार. खजीत आणि आर्गोनियन, कमरेला फडकं, हातात कडं. कड्याची किल्ली मालकाकडे. ती मिळवा, चोरा, मालकाला मारून घ्या, मग त्या माणसाला सांगा, तू मोकळा. मी पहिल्यांदा एकाला सोडवलं तेव्हा वाटलं आता काहीतरी बक्षीस मिळेल. तो आभार मानून मोकळा झाला. बस. बराच वेळ तिथेच उभा होतो. "जुळे दिवे" नावाची गुप्त संघटना गुलामांना पळवून लावते, तिचा पत्ता तुम्हाला कुणी सहजी देत नाही, विश्वास बसला तरच.

अजून एक बारीक गोष्ट. मोरोविंडमध्ये खजीत किंवा आर्गोनियन घेतलात तर बूट घालता येत नाहीत. पायाची ठेवणच वेगळी. तोंड झाकणारं शिरस्त्राणही नाही. खेळभर अनवाणी. पुढच्या खेळांत ते सोय म्हणून काढून टाकलं. माझ्या मते तिथूनच उतरण सुरू झाली.

निळी शाई

काका, दंडवत. पण गुलामी का टिकली ते सांगायचं राहिलं. टायबर सेप्टिम मोरोविंडवर चालून आला तेव्हा तिथल्या जिवंत देवांपैकी एकाने तह केला. न्युमिडियम दिला, बदल्यात आमचं देऊळ आणि आमचा कायदा तसाच राहील असं कबूल करून घेतलं. कायदा तसाच म्हणजे गुलामीसुद्धा तशीच. म्हणजे ज्या पितळी पुतळ्याने एल्फांचं बेट चिरडलं त्याची किंमत आर्गोनियनांनी मोजली. हा धागा मला वेड लावतो. टॅलोसची पूजा, थाल्मोरचा राग आणि हातातलं कडं, तिन्हीला एकच गाठ.

(त्या देवाचं नाव विवेक. मराठी माणसाला ते गंभीरपणे वाचताच येत नाही. आमच्या ऑफिसात दोन आहेत.)

आंबोळी

वाचतेय. विवेकवर हसून घेतलं.

पाटीपेन्सिल

हे म्हणजे आपल्याकडच्या भूमिपुत्रांच्या राजकारणासारखंच झालं की. बघा ना, आपल्या शहरात

संपादक

वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्याखालचे चार प्रतिसाद उडवले आहेत. टॅम्रिएलचं राजकारण टॅम्रिएलमध्येच राहू द्या, नाहीतर धाग्याला कुलूप.

पाटीपेन्सिल

णिषेध.

रात्रपाळी

संपादकांचे आभार, चार तासांत मुद्दा पार वेशीबाहेर गेला होता.

काका, मोरोविंडबद्दल शंभर टक्के सहमत, आणि तिथूनच विंडहेल्मचा धागा निघतो म्हणून थोडं लिहितो. विवेकच्या शहरावर एक उल्का अधांतरी थांबवलेली होती. देवाच्या शक्तीने. तिच्या आत तुरुंग कोरलेला, पाखंड्यांसाठी, नाव सत्य मंत्रालय. (म्हणजे देव म्हणतोय, माझ्यावरची श्रद्धा उडाली तर हा धोंडा तुमच्या डोक्यावर. इतकं स्वच्छ धर्मकारण दुसऱ्या कुठल्या खेळात बघितलेलं नाही.) पुढे देव गेले, धोंडा पडला, चौथ्या युगाच्या ५ व्या वर्षी लाल पर्वत फुटला आणि डनमर देशोधडीला लागले. लगेच पुढच्या वर्षी आर्गोनियन मोरोविंडवर चालून गेले. हजारो वर्षांचा हिशोब होता.

त्या निर्वासितांपैकी काही विंडहेल्ममध्ये आले. ज्या वस्तीत राहिले तिचं नाव पूर्वी स्नो क्वार्टर, ते आले म्हणून झालं ग्रे क्वार्टर. आज दोनशे वर्षं होत आली. आणि बाहेर बंदरावर कोण? आर्गोनियन. आत डनमर, बाहेर त्यांचे एकेकाळचे गुलाम, दोघांच्याही उरावर नॉर्ड. सुवारिस जेव्हा माझ्या सरड्याला विचारते की तू आम्हाला हाकलायला आलास का, तेव्हा त्या प्रश्नाला इतिहास आहे! आमच्याच लोकांनी हाकललंय त्यांना. पण खेळाला ते कळलेलं नाही. तो प्रश्न ती सगळ्यांनाच विचारते. लेखकाने पुरलेली सुरुंगाची वात कोडवाल्याने पेटवलीच नाही.

आणि वस्तीतही एकमत नाही, हे मला फार आवडलं. आम्बारिस त्याच्या गुत्त्यात नॉर्डांच्या नावाने बोटं मोडतो. बेलिन ह्लालू हा शेतीवाडी असलेला डनमर म्हणतो, आमचे लोक रडतात फार, कामं करत नाहीत. निरान्ये ही आल्टमर बाजारात दुकान मांडून बसलीय, ती म्हणते मला तर काही त्रास नाही. आणि ब्रुनवुल्फ हा नॉर्ड, मुरलेला सैनिक, या सगळ्यांसाठी भांडतो. असे लोक प्रत्येक गल्लीत असतात. अजून काय लिहू, संपादक बघतायत.

सोऱ्या

ठीक आहे, विंडहेल्मवरून मला झोडून झालं असेल तर नॉर्डांचा हक्क तरी मानाल की नाही? भूमी त्यांची आहे.

कोकमसार

कोणाची? यस्ग्रामोर पाचशे साथीदार घेऊन आला त्याआधी तिथे कोण होतं?

स्नो एल्फ होते. साऱ्थालला त्यांनी माणसांची कत्तल केली हे खरं, आणि उत्तरादाखल यस्ग्रामोरने त्यांचा वंशच्या वंश साफ केला हेही खरं. उरलेसुरले ड्वेमर नावाच्या जमिनीखालच्या एल्फांच्या आसऱ्याला गेले, ड्वेमरांनी आसऱ्याची किंमत म्हणून डोळे घेतले. गुहांमध्ये तुमच्या अंगावर धावून येणारे ते पांढरे, आंधळे फाल्मर म्हणजे स्कायरिमचे मूळ मालक. तुम्ही त्यांना मारून त्यांचे कान विकता. डॉनगार्ड या स्कायरिमच्या पुरवणीत गेलेबोर भेटतो, धड शाबूत राहिलेला स्नो एल्फ. तो माझ्याशी शांतपणे बोलत होता आणि माझ्या थैलीत त्याच्या भावंडांचे अकरा कान होते. मी थैली उघडायची टाळली.

आणि विंडहेल्म बांधलं कोणी? यस्ग्रामोरने. तेव्हा "तुम्ही इथे नको असताना येता" हे वाक्य रोल्फने नेमकं त्याच वेशीत उभं राहून म्हणावं!

सोऱ्या

कान विकणं हा माझा धंदा आहे, त्यावर हात घालायचा नाही.

बरं, एवढं सगळं ऐकून घेतलं. रात्रपाळीचं मूळ गाऱ्हाणं असं की खेळात द्वेष आपल्याला लागत नाही. अहो, मग लावून घ्या. खेळाने नियम केला नाही तर आपण करावा. आर्गोनियन घ्या आणि विंडहेल्मच्या आत पाय ठेवायचा नाही. खजीत घेतला तर कुठल्याच शहरात नाही, त्यांचे तांडे बाहेरच मुक्काम करतात. कोण करतंय बोला.

मुक्काम पोस्ट सेडा नीन

जो बोलला त्याने करावं.

आंबोळी

+१. सोऱ्याभाऊ, शेपूट लावा.

सोऱ्या

बरं.

सोऱ्या

धागा वर आणतोय. साडेतीन आठवडे लागले, मधे सासूबाई आल्या होत्या.

नियम एकच ठेवला, विंडहेल्मच्या भिंतीच्या आत जायचं नाही. बंदर चालेल, पूल चालेल, वेस नाही.

सुरुवातीला मजा वाटली. बंदरावर शाहवी भेटली, तिचा झेनिथारचा ताईत चोरीला गेलेला, तो आणून दिला. तिथले आर्गोनियन नॉर्डांइतकंच काम करतात आणि मजुरी कितीतरी कमी घेतात, ते ऐकून घेतलं. आधी कितीतरी वेळा ऐकलं होतं, मेन्यू पुढे ढकलत. आता त्यांच्याच बरोबर बाहेर उभा होतो म्हणून ऐकलं. माल विकायला मा'ड्रानच्या खजीत तांड्याची वाट बघायची, तो विंडहेल्म आणि सॉलिट्यूडमध्ये फिरत असतो. एकदा तांडा नव्हता तेव्हा ड्रॅगनची हाडं घेऊन चालत पार व्हाइटरनला गेलो. ओझ्यामुळे पळता येत नाही, पावलापावलाने. वाटेत थाल्मोरची गस्त भेटली. टॅलोसला मानतोस का? मी म्हटलं, न मानायला काय झालं. नॉर्ड नसूनही म्हटलं. तिघेही अंगावर आले. हाडं तशीच खांद्यावर.

मग एकेक गोष्टी लक्षात यायला लागल्या. डार्क ब्रदरहूडमध्ये, म्हणजे मारेकऱ्यांच्या संघटनेत, जायचं होतं. आर्गोनियनांमध्ये जन्मापासून मारेकरी म्हणून वाढवलेले शॅडोस्केल असायचे, त्यांचा आणि ब्रदरहूडचा घरोबा जुना. पण त्या वाटेची सुरुवात आव्हेंटस नावाच्या पोराच्या घरातून, आणि ते घर विंडहेल्मच्या आत. गेली ती वाट. उल्फ्रिकच्या फौजेत जायचं तर राजवाड्यात जाऊन नाव घालायचं, राजवाडा आत. गेलं. मुख्य कथेत पुढे दोन्ही बाजूंची बोलणी लावायची असतात, त्यासाठी उल्फ्रिकला भेटायचं, तो आत.

दोन दिवस अडकून होतो. ती बोलणी टाळायची असतील तर यादवीच आधी संपवायची, आणि मला भरती करून घेणारी बाजू एकच उरली होती. जन्मात लीजनचा, म्हणजे साम्राज्याच्या फौजेचा, लाल डगला घातला नव्हता, तो घातला. किल्ले घेतले, एकेक प्रांत फिरवला. शेवटची लढाई विंडहेल्मची. साम्राज्याचा सेनापती ट्युलियस याचं भाषण, मग वेस, मग आत. घरं जळतायत, रस्त्यात अडसर घातलेत. म्हणजे साडेतीन आठवड्यांत मी त्या शहरात पहिल्यांदा शिरलो ते फौजेबरोबर, ते पेटलेलं असताना. रोल्फ दिसतो का बघत होतो. राजवाड्यात उल्फ्रिक म्हणाला, शेवटचा घाव या ड्रॅगनबॉर्नलाच (म्हणजे मला, खेळाच्या नायकाला) घालू द्या, गाणं चांगलं होईल. घातला. हात जड झाला, खोटं कशाला सांगू. त्याच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

ब्रुनवुल्फ यार्ल झाला. भला माणूस. मी लगेच मागच्या दाराने बंदरावर गेलो, म्हटलं बघू आता. शाहवी होती, कामात होती. नेहमीसारखी हसून बोलली. मी तिच्या मेन्यूत वरखाली शोधलं, आत चल असं म्हणायचा काहीतरी पर्याय असेल. नव्हता. बर्फ पडत होता. सगळे तिथेच होते.

रात्रपाळी

सोऱ्या, हे वेगळा धागा म्हणून टाका. खरंच. मी दोनदा वाचलं.

कोकमसार

पर्याय आहे. शाहवीशी लग्न लागतं. ताईत आणून दिलाय ना, मग ती तयार होते. हेरिम विकत घ्या, बायको म्हणून ती तिथे राहायला येईल. पहारेकरी हूं की चूं करणार नाहीत.

गवती चहा

अगंबाई! मग विचार काय करताय?

सोऱ्या

रिफ्टनला निघालोय. लग्नासाठी लागणारा माराचा ताईत देवळात २०० सेप्टिमला मिळतो. थैलीत कान आहेत, विकले की पुरतील.